टाळी मैदानात, चहा मैदानाबाहेर

४ ऑगस्ट २०२५. श्रावणातला सोमवार. धाराशिव जिल्ह्यात सोयाबीन फुलोऱ्यात होतं, शिवारात खुरपणी आणि फवारणी चालू होती, आणि आपल्या घड्याळात दुपारी साडेतीन वाजता लंडनच्या ओव्हल मैदानावर भारत-इंग्लंड मालिकेतल्या पाचव्या कसोटीचा शेवटचा दिवस सुरू झाला. इंग्लंडला हव्या होत्या ३५ धावा, भारताला ४ बळी. पुढचा तासभर येडशीपासून उमरग्यापर्यंत ज्या टपरीवर रेंज होती तिथं कुणाचा ना कुणाचा मोबाइल बरणीला टेकवून उभा केलेला होता. ख्रिस वोक्स एक हात गळ्यात अडकवून मैदानात उतरला. धावा सातवर आल्या. आणि मोहम्मद सिराजने गस ॲटकिन्सनचा त्रिफळा उडवला. ३७४ चा पाठलाग ३६७ वर संपला. भारत सहा धावांनी जिंकला, मालिका २-२ अशी बरोबरीत सुटली. त्या डावात सिराजचे पाच बळी, सामन्यात नऊ, मालिकेत २३. पाचही कसोट्या खेळलेला तो भारताचा एकमेव वेगवान गोलंदाज.

त्या संध्याकाळी आमच्या ओळखीच्या कितीतरी पोरांच्या स्टेटसला सिराज होता. चांगली गोष्ट आहे. रिक्षाचालकाचा मुलगा, हैदराबादच्या साध्या वस्तीतून आलेला, त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण त्याच पोरांपैकी काहींच्या स्टेटसला त्याआधी सिराजच्या समाजाबद्दल काय काय लिहिलेलं असायचं, तेही आम्ही वाचत आलो आहोत. एकाच मोबाइलवर दोन्ही. यात काही विसंगती आहे असं त्या पोरांना वाटत नाही, आणि आमचा लेख नेमका तिथून सुरू होतो. चाहता खेळाडूला काय देतो? आणि काय कधीच देत नाही?

लगेच कुणीतरी म्हणणार, "तुम्ही लोक खेळात पण जात आणता राव." हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याला रागाने उत्तर देणं आता सोडलं आहे. उत्तर इतिहासात आहे. खेळात जात आम्ही आणली नाही. खेळ या देशात आला तेव्हा ती मैदानाच्या कडेला आधीच बसलेली होती, आणि चहाच्या वेळेला उठून कामाला लागायची.

पालवणकर बाळू हे नाव क्रिकेटवेड्या महाराष्ट्रात किती जणांना ठाऊक आहे? भारतीय क्रिकेटमधला पहिला मोठा गोलंदाज. डावखुरा, संथ, फिरकी. जन्म १८७६ च्या सुमाराचा, चांभार समाजातला. घराणं मूळचं कोकणातलं, वडिलांची नोकरी लष्कराशी जोडलेली, म्हणून कुटुंब पुण्यात. बाळूची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशांच्या क्रिकेट क्लबात: खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा. पगार महिना तीन रुपये. पुढे तो गोऱ्यांच्या पूना क्लबात गेला, तिथं चार रुपये. काम तेच, शिवाय नेट बांधायचं, रेषा आखायच्या, आणि साहेब लोक सरावाला आले की त्यांना चेंडू टाकायचे. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामांकित इंग्रज फलंदाज तासन्‌तास त्याच्याकडून गोलंदाजी करून घ्यायचा. हजारो चेंडू टाकले, त्यातून हात घडला. पण त्या क्लबात बाळूच्या हाती बॅट मात्र कुणी दिली नाही. फलंदाजी साहेबाची, चेंडू टाकणं नोकराचं. ही विभागणी इंग्रजांना इथं नव्याने शिकवावी लागली नाही, आपल्याकडे ती तयारच होती.

बातमी पुण्यातल्या हिंदू क्लबापर्यंत गेली. गोऱ्यांना हरवायचं तर हा गोलंदाज हवा. पण घ्यायचा कसा? क्लबात वाद झाला. काही जण घ्या म्हणाले, ब्राह्मण सभासदांपैकी अनेकांचा विरोध होता. शेवटी तडजोड निघाली, आणि ती तडजोड आम्ही प्रत्येक शाळेत वाचून दाखवावी अशी आहे. मैदानावर बाळू संघाचा. त्याने टाकलेला चेंडू सगळे झेलणार, उचलणार, परत त्याच्याकडे फेकणार. खेळ थांबला की तो अस्पृश्य. इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये कपातून चहा घेणार आणि बाळूचा चहा बाहेर, फेकून देता येईल अशा मातीच्या भांड्यात. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर. तोंड-हात धुवायचे असतील तर दुसरा एखादा अस्पृश्य नोकर पाणी घेऊन मैदानाच्या कोपऱ्यात यायचा.

इथं जरा थांबा आणि चेंडूकडे बघा. क्रिकेटचा चेंडू चामड्याचा असतो. चामड्याला हात लावतो म्हणून ज्या जातीला गावाबाहेर ठेवलं, त्या जातीच्या माणसाच्या हातून सुटलेला चामड्याचा चेंडू झेलायला कुणाही उच्चवर्णीय क्षेत्ररक्षकाची हरकत नव्हती. कारण त्या चेंडूवर बळी मिळत होता. कपावर काय मिळणार होतं? शिवाशिवीचा नियम धर्माचा आहे असं सांगितलं जातं. पुण्याच्या त्या मैदानावर तो फायद्यापुढे वाकतो आणि फायदा संपला की पुन्हा ताठ होतो, हे शे-सव्वाशे वर्षांपूर्वीच लोकांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

पुण्यात प्लेग आल्यावर बाळू मुंबईला गेला. तिथंही हिंदू जिमखान्यात त्याला घेण्यावरून कुरकुर झाली, तिथंही गोलंदाजीने ती गिळायला लावली. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंचा संघ युरोपियनांच्या संघाशी खेळला आणि १०९ धावांनी जिंकला. आज आपण ज्याला आंतरराष्ट्रीय कसोटी म्हणतो ती भारताच्या वाट्याला यायला अजून २६ वर्षं होती. प्रेक्षकांच्या दृष्टीने पाहिलं तर देशी माणसाची खरी कसोटी हीच होती: राज्यकर्त्याविरुद्ध, त्याच्याच खेळात, दिवसेंदिवस चालणारी. ते प्रेक्षक जीव मुठीत धरून बसले होते आणि ज्याच्या हातात चेंडू होता तो चांभाराचा मुलगा होता. प्रत्येक बळीला टाळ्या पडल्या. त्या टाळ्या खोट्या नव्हत्या, असं आमचं मत आहे. त्या क्षणी त्या माणसांना खरंच बाळू आपला वाटला असेल. प्रश्न पुढच्या क्षणाचा आहे.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय म्हणवणारा पहिला संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूने त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्याचा सत्कार केला. त्या काळी वर्तमानपत्रात आपल्या माणसाचं नाव येणं म्हणजे एखाद्या गुन्ह्याच्या बातमीत येणं. तिथं एक नाव रोज धावफलकात छापून यायचं. विशीतले भीमराव आंबेडकर त्या पिढीत वाढले. बाळू हा त्यांच्या तरुणपणातला समाजाचा अभिमान होता.

मग कर्णधारपद का नाही? ज्येष्ठ तोच, बळी त्याचेच. हिंदू संघाचे कर्णधार एम. डी. पै यांनी स्वतः एका सत्कारात सांगितलं होतं की हा मान बाळूचा होता. पण निवड समितीला तो दिसला नाही. १९२० मध्ये तर कळस झाला. पै आजारी पडले, समितीने दि. ब. देवधरांना कर्णधार केलं आणि बाळूला संघातूनच वगळलं. त्यावर त्याचे दोन भाऊ, विठ्ठल आणि शिवराम, संघातून बाहेर पडले. नुसते बाहेर पडले नाहीत, वर्तमानपत्रातून लोकांसमोर कारण मांडलं: गुणाने ज्येष्ठ असूनही जातीमुळे डावललं जातंय. पुढच्या सामन्याआधी समितीला माघार घ्यावी लागली. पै कर्णधार, बाळू उपकर्णधार, आणि सामन्यात पै मैदानाबाहेर गेले तेव्हा संघाची सूत्रं बाळूच्या हाती आली. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला. युरोपियनांना हरवून जिंकल्यावर लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं.

आमचे काही मित्र हा शेवटचा प्रसंग पुरावा म्हणून दाखवतात. बघा, हिंदू समाजाने चांभाराच्या मुलाला खांद्यावर घेतलं, म्हणजे खेळाने जात मोडली. आम्ही हा क्रम उलटा वाचतो. टाळ्या १९०६ पासून पडत होत्या. सतरा वर्षं टाळ्यांनी एक कर्णधारपद दिलं नाही. ते मिळालं दोन भावांनी चेंडू-बॅट खाली ठेवल्यावर. चाहत्यांचा उपयोग झाला तो एवढाच की तगड्या खेळाडूंविना संघ हरला तर मैदानातली गर्दी समितीला जाब विचारेल, ही भीती होती. म्हणजे चाहता निरुपयोगी नाही. पण तो आपणहून हलत नाही, कुणीतरी आधी नाही म्हणावं लागतं.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. त्या काळात धाराशिव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. मुंबईच्या मैदानावरची चौरंगी सामन्यांची धूम इथल्या महारवाड्यापर्यंत पोहोचली असेल असं मानायला काही आधार नाही, आणि ओढून ताणून आणण्यात अर्थ नाही. पण एक धागा आहे, आणि तो आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी कसबे तडवळे इथं बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. आता तुम्ही विचाराल, वतनाचा आणि कसोटी सामन्याचा काय संबंध?

संबंध फुरसतीचा आहे. कसोटी सामना हा पाच दिवसांचा खेळ. तो पाहायचा, ऐकायचा, त्यावर वाद घालायचा तर माणसाकडे स्वतःचा वेळ लागतो. वतनदार महाराकडे तो नव्हता. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाचा कायदा बदलण्यासाठी विधेयक मांडताना बाबासाहेबांनी हेच मांडलं होतं, की या माणसाच्या कामाला वेळेची सीमा नाही. दिवस असो की रात्र, सरकारी हाक आली की जायचं. तो घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचं. मोबदला म्हणाल तर तुटपुंजी जमीन आणि दारोदार मागायचं बलुतं. ज्याचे चोवीस तास गावाचे आहेत तो कुठल्याही गोष्टीचा चाहता होऊ शकत नाही. छंदाला आधी मालकीचा वेळ लागतो. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला फुरसतीचे सिद्धांत शिकवले तेव्हा त्यात युरोपातल्या गिरण्या होत्या, कारखान्याचे भोंगे होते. येसकराची काठी नव्हती. गिरणी कामगाराला निदान सुटीचा भोंगा तरी होता.

पूना क्लबात रोलर ओढणारा बाळू आणि तराळकी करणारा आमचा पणजोबा हे या अर्थाने एकाच नोंदवहीतले. दुसऱ्याच्या खेळासाठी जमीन साफ करून ठेवायची आणि कडेला उभं राहायचं.

स्वातंत्र्य आलं, पुढच्या वर्षी निजाम गेला, संविधान आलं. कसोटी सामना गावात शिरला तो रेडिओतून. बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनाने ज्यांनी मैदान कधी पाहिलं नाही त्यांनाही मैदान दाखवलं, हे ऋण मान्य करायला हवं. इंग्रजी न येणाऱ्या शेतकऱ्याला, शिंप्याला, मास्तराला कळू लागलं की गली कुठे आणि लाँग ऑन कुठे. मराठीने हा खेळ जिमखान्यातून बाहेर काढला. पण रेडिओ कुठे होता? तो पाटलाच्या वाड्यात होता, ग्रामपंचायतीत होता, स्टँडवरच्या हॉटेलात होता. त्या काळात रेडिओला परवाना लागायचा, फी भरावी लागायची. वस्तीत रेडिओ यायला बराच काळ गेला.

२४ ऑगस्ट १९७१ चा ओव्हलचा विजय आपल्या क्रिकेटच्या आठवणीत देवघरात ठेवल्यासारखा जपलेला आहे. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती, मैदानात हत्तीण आणली होती, हे सगळे सांगतात. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ वर गुंडाळलं आणि १७३ चं लक्ष्य भारताने चार गडी राखून गाठलं. इंग्लंडमध्ये भारताचा पहिला कसोटी विजय, आणि त्याबरोबर मालिकाही. आम्हाला त्यात दोन माणसं जास्त दिसतात. एक एकनाथ सोलकर, ज्याने ॲलन नॉटचा तो अशक्य झेल घेतला. त्याचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर माळी होते, कुटुंब मैदानाच्या कडेच्या खोपटात राहायचं. मैदान राखणाऱ्याचा मुलगा मैदानात. दुसरा सय्यद आबिद अली, विजयाचा फटका मारणारा, हैदराबादचा. सिराजच्या चोपन्न वर्षं आधी, त्याच ओव्हलवर. आमचा जिल्हा ज्या संस्थानात होता त्याच्याच राजधानीची ही दोन पोरं. जिल्ह्याचं नाव बदलण्यावरून वर्षानुवर्षं गळे काढणाऱ्यांनी हा योगायोगही कधीतरी लक्षात घ्यावा.

त्या वर्षी इकडे काय होतं? दुष्काळाची चाहूल लागली होती, पुढच्या वर्षी तो पूर्ण पसरला. कामाच्या निमित्ताने वस्त्यांत बसतो तेव्हा आम्ही ज्येष्ठांना मुद्दाम हे विचारतो: तुम्ही मॅच कुठे ऐकायचात? कळंबकडच्या एका आजोबांनी सांगितलेलं इथं देतो, कारण तसंच दुसरीकडेही ऐकायला मिळालं. हॉटेलात रेडिओ फळीवर असायचा. गावातली पोरं बाकावर, हे रस्त्याच्या कडेला उकिडवे. स्कोर ऐकू यायचा, कारण आवाज कुणाला अडवता येत नाही. विकेट पडली की बाकावरचे ओरडायचे, रस्त्यावरचेही ओरडायचे. तेवढा वेळ सगळे एक. मग चहा यायचा. बाकावर कपबशी. यांच्यासाठी दाराजवळच्या कोनाड्यात वेगळे ठेवलेले कान तुटलेले कप, प्यायचे आणि स्वतः विसळून परत ठेवायचे. आजोबा हे सांगताना हसत होते. म्हणाले, "गावसकर आउट झाला की त्यांना बी वाईट वाटायचं आन् आम्हाला बी. वाईट वाटायला वेगळा कप नव्हता."

पुण्याचं पॅव्हेलियन आणि कळंबकडचं हॉटेल यांच्यात पाऊणशे वर्षांचं अंतर आहे. मधे एक संविधान आहे, ज्यातल्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपवली. चहा मात्र तिथंच थांबलेला.

आणि त्या रस्त्याच्या कडेलाही बाई नव्हती, हे आम्ही सांगितलं नाही तर लेख अर्धवट राहील. ती विहिरीवर होती, शेतात होती, पुढे दुष्काळी कामावर खडी फोडत होती. २०२५ च्या त्या सोमवारी टपरीवर जमलेल्या गर्दीतही आम्हाला बाई दिसली नाही. ती तेव्हा सोयाबीन खुरपत होती. या बाबतीत आपली वस्ती आणि गाव यांच्यात फरक सांगता येणार नाही.

फुरसतीचा मुद्दाही संपलेला नाही. भारतातल्या कसोट्या साधारण ऑक्टोबर ते मार्च या काळात होतात. नेमका तोच ऊसतोडीचा हंगाम. भूम, वाशी, परंडा, कळंब भागातली कुटुंबं तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडात असतात. पहाटे कोयता हातात, रात्री अपरात्री गाडी भरायची. त्यांच्या पोरांना भारतातली कसोटी म्हणजे ट्रॅक्टरवर कुणीतरी सांगितलेला आकडा. इंग्लंडमधली उन्हाळी कसोटी ती पोरं नीट पाहू शकतात, कारण तेव्हा ती गावी असतात.

आता राजकारणाकडे, कारण चाहतेपणाची खरी परीक्षा तिथं झाली. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळायला उतरला. बाळूचं वय निघून गेलं होतं. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुणे करारावर सह्या झाल्या आणि त्या सह्यांत पालवणकर बाळू हे नाव आहे. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर तो बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला होता. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांच्या समोर उमेदवार म्हणून उभा केला तो हाच. हिशेब सोपा होता: वकील-विद्वान एका बाजूला आणि ज्याला साऱ्या मुंबईने टाळ्या दिल्या तो खेळाडू दुसऱ्या बाजूला. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूला ११,२२५.

दोन हजार वीस मतांचा फरक. बाळूला शिव्या घालण्यासाठी आम्ही हा आकडा देत नाही. मातीच्या भांड्यातला चहा पिऊन ज्या माणसाने हा देश जिंकायला शिकवला त्याच्यावर बोट उगारायचा अधिकार आम्हाला नाही. राग आहे तो त्याला वापरणाऱ्यांवर. ज्यांनी त्याला उमेदीच्या वर्षांत कर्णधार केलं नाही, त्यांना तो साठीत अचानक प्रतिनिधी म्हणून आठवला. आणि मान आहे तो मुंबईतल्या त्या साध्या मतदारांना. ते बाळूचे चाहते नव्हते का? बहुतेक होतेच. मत देताना त्यांनी चाहतेपण बाजूला ठेवलं, एवढंच. आवडता खेळाडू वेगळा आणि आपली बाजू मांडणारा माणूस वेगळा, हे त्यांना कळत होतं. आज एखाद्या खेळाडूने प्रचाराच्या गाडीवरून हात हलवला की आपल्याच वस्तीतली पोरं पक्ष विसरतात.

मोबाइलने रस्ता आणि बाक यांतलं अंतर मिटवलं, हे खरं आहे. ज्याच्याकडे डेटा आहे तो कुणाच्या दारात न उभं राहता कसोटी पाहू शकतो, आणि ही लहान गोष्ट नाही. पण मैदानाचं काय? जून २०२३ मध्ये गुजरातच्या पाटण जिल्ह्यात काकोशी गावी शाळेच्या मैदानावर क्रिकेटचा सामना चालू होता. बघायला आलेल्या एका दलित मुलाने जवळ आलेला चेंडू उचलला. बस्स, एवढंच. त्यावरून जातिवाचक धमक्या झाल्या, मुलाच्या काकाने हरकत घेतली, आणि संध्याकाळी जमावाने हल्ला करून घरातल्या माणसाचा अंगठा कापला. पुन्हा वाचा. तो मुलगा खेळत नव्हता. तो चाहता होता. सीमारेषेबाहेर आलेला चेंडू उचलून आत फेकणं हे जगातला प्रत्येक चाहता करतो, लॉर्ड्सवर केलं तर कॅमेरा त्याच्यावर जातो. बाळूच्या बोटांतून सुटलेला चेंडू चालत होता, कारण तो जिंकून देत होता. काकोशीच्या मुलाने उचललेला चेंडू बाटला, कारण त्यातून कुणाला काही मिळणार नव्हतं. आणि कापला काय, तर अंगठा. एकलव्याची गोष्ट आम्ही पुन्हा सांगत नाही, ती त्यांनाही ठाऊक होती म्हणूनच.

आता सिराजकडे या. जानेवारी २०२१ मध्ये सिडनी कसोटीत प्रेक्षकांनी त्याला शिवीगाळ केली. त्याने पंचांकडे तक्रार केली, खेळ थांबला, सहा प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आलं. वडील जाऊन दोन महिनेही झाले नव्हते, दौरा सोडून तो अंत्यविधीलाही आला नव्हता. तेव्हा आपल्याकडचे सगळे ऑस्ट्रेलियाच्या वंशवादावर तुटून पडले, आणि बरोबरच होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानकडून टी-२० सामना हरल्यावर मोहम्मद शमीला जे ऐकावं लागलं ते ऑस्ट्रेलियन लोकांनी लिहिलेलं नव्हतं. तिथं पंच नव्हता, खेळ थांबला नाही, कुणाला बाहेर काढलं नाही. ओव्हलच्या चौथ्या दिवशी हॅरी ब्रुकचा झेल घेताना सिराजचा पाय सीमारेषेला लागला. ब्रुक तेव्हा १९ वर होता, पुढे त्याने १११ केल्या. शेवटच्या सकाळी त्या सात धावा निघाल्या असत्या तर तो पाय किती दिवस लोकांच्या तोंडात राहिला असता, आणि पायासोबत आणखी काय काय, याचा विचार ज्याने त्याने करावा. सहा धावांच्या त्या फरकावर एका माणसाचं देशप्रेम तोललं जाणार होतं. ज्याच्यावर ही वेळ कधीच येत नाही, असे खेळाडूही त्याच संघात असतात.

आमच्या जिल्ह्यात दिवाळीनंतर टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतील. गावोगावी चषक, बॅनर, मोठाले स्पीकर. तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरने १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या संघात खेळून दाखवल्यापासून पोरांचा हुरूपही वाढला आहे. तुम्ही जा, खेळा, ओरडा. फक्त चार गोष्टी बघून या आणि आम्हाला कळवा. मैदान साफ करायला, चुना टाकायला कुठल्या वस्तीतल्या पोरांना सांगितलं जातं आणि त्याचे पैसे देतात का. पाण्याच्या जारजवळचा ग्लास एकच आहे का. चेंडू वस्तीच्या बाजूला गेला की तो आणायला कोण जातं. आणि फायनल झाल्यावर रात्री आयोजकाच्या घरी जेवण असतं, त्या पंगतीला मॅन ऑफ द मॅच मिळालेला पोरगा असतो का.